हात वर केला होता, आता काय करू?

पत्र (थोडं कमी करून): "मावशी, जय ख्रिस्त. मी २६ वर्षांची, मूळची नगर जिल्ह्यातली, पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. मे महिन्यात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तीन दिवस संजीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागा करणाऱ्या सभा, झाल्या. शेवटच्या रात्री वक्त्यांनी विचारलं, प्रभूसाठी कोण जाईल, आणि मी हात वर करून उभी राहिले. खूप रडले. तेव्हापासून उत्तरेकडच्या एखाद्या गावात जायचं, जिथे कुणी सुवार्ता ऐकलीच नाही, एवढंच डोक्यात आहे. आईने बोलणं टाकलंय. पप्पा म्हणतात लोनचे हप्ते कोण भरणार. पाळकसाहेब म्हणतात थांब. मैत्रीण म्हणते नांगराला हात घातलायस, आता मागे बघू नकोस. पण खरं सांगू का, दोन महिने झाले आणि आता आतून तसं पेटल्यासारखं वाटत नाही. प्रार्थनेला बसले की डोळे मिटतात. वॉर्डातल्या एका सिस्टरशी वर्षभर बोलणं बंद आहे, तिचं तोंड दिसलं की मनातली सगळी शांती जाते, म्हणून वाटतं इथून लांब गेले की बरं होईल. आग विझायच्या आत रिझाइन करू का? की ते सगळं नुसतं भावनेच्या भरात झालं होतं?"

बाळा, जय ख्रिस्त.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की तू विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच शेवटच्या चार ओळींत लिहून ठेवलंयस, त्यावर मी येतेच, पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते म्हणजे तुझ्या जिवाला जरा आराम पडेल. त्या रात्री जे झालं ते खोटं नव्हतं. रडू आलं म्हणून ती नुसती भावना, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. माणूस लग्नात रडतो, मातीला रडतो, मग देवासमोर रडला तर त्यात हलकं काय आहे?

पण "आग विझायच्या आत" हे जे तू लिहिलंयस ना, तिथे मी थांबले. संजीवन म्हणजे जणू काही सिलेंडर, संपायच्या आत स्वयंपाक उरकून घ्यायचा, असं काहीतरी तुझ्या मनात बसलंय. हे तुझ्या एकटीचं नाही, आपल्या सभांमध्ये बोलतातच तसं, आज रात्री नाही तर कधीच नाही, आणि मग पोरं बिचारी घाबरून निर्णय घेतात. म्हणून तुला आज जरा इतिहास सांगणार आहे. कंटाळू नकोस, तुझ्याच कामाचा आहे.

हर्नहुट नावाचं गाव, जर्मनीतल्या सॅक्सनीमधलं. आजच्या चेक देशातल्या मोरेव्हियातून छळाला कंटाळून पळालेली माणसं तिथे झिंझेनडॉर्फ नावाच्या एका तरुण जमीनदाराच्या जागेत येऊन राहिली होती, सगळी मिळून तीनेकशे असतील. आणि १७२७ च्या उन्हाळ्यापर्यंत या गावात काय चालू होतं तर भांडणं. उपासनेची पद्धत कुठली, खरी शिकवण कुणाची, कोण कुणाला काय बोललं, एकमेकांची तोंडं बघत नव्हते. झिंझेनडॉर्फ घरोघरी जाऊन बसला, समजूत घातली, मे महिन्यात सगळ्यांनी मिळून कसं राहायचं याच्या करारावर सह्या केल्या, आणि १३ ऑगस्टला शेजारच्या बेर्थेल्सडॉर्फच्या देवळात प्रभुभोजनाला जमले तेव्हा माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. हे त्यांचं संजीवन. त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी चोवीस पुरुष आणि चोवीस बायका असे गट केले आणि दिवसरात्र तासातासाची प्रार्थनेची पाळी लावली, तुमच्या वॉर्डात ड्युटी लागते तशीच, आणि ती साखळी शंभर वर्षांवर चालली.

आता मला सांग, पहिला मिशनरी तिथून कधी निघाला? १७३२ साली. पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांत देव रागावला नाही आणि आगही विझली नाही. ती माणसं आपापलं काम करत होती, कुणी कुंभार, कुणी सुतार, आणि रात्री दोन वाजता आपली पाळी आली की उठून प्रार्थना करत होती. १७३१ साली झिंझेनडॉर्फ कोपनहेगनला गेला आणि तिथे त्याला अँटन नावाचा एक माणूस भेटला, जो वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलाम होता. तो म्हणाला, माझी बहीण तिथे आहे, तिला देवाबद्दल जाणून घ्यायचंय पण सांगणारं कुणी नाही. झिंझेनडॉर्फने परत येऊन ही गोष्ट सांगितली आणि लिओनार्ड डोबर नावाचा कुंभार त्या रात्री झोपला नाही. बघ हं, पेटायचं होतं ते चार वर्षं आधीच पेटलं होतं, पण कुठे जायचं ते कळलं एका बहिणीच्या नावाने. नकाशावर बोट ठेवून नाही कळलं.

आणि डोबर लगेच निघाला का? नाही. मंडळीने त्याला वर्षभर थांबवलं. शेवटी ऑगस्ट १७३२ मध्ये तो आणि डेव्हिड निट्शमन नावाचा सुतार असे दोघं निघाले, कोपनहेगनपर्यंत चालत. या दोघांची एक गोष्ट सभांमध्ये फार सांगतात, तूही ऐकली असशील, की त्यांनी स्वतःला गुलाम म्हणून विकलं. तसं झालेलं नाही. गरज पडली तर तेही करायची त्यांची तयारी होती, पण प्रत्यक्षात निट्शमनने तिथे सुतारकाम करून दोघांचं पोट भरलं, डोबरला कुंभारकाम जमेना कारण त्या बेटावर चांगली मातीच मिळेना, मग त्याने पडेल ती नोकरी केली, रखवालदारीसुद्धा. मला खरी गोष्ट त्या सांगीव गोष्टीपेक्षा जास्त आवडते. ते दोघं सेंट थॉमसला पोचले तेव्हा पहिल्याच रविवारी कुणाकडे गेले माहितेय? अँटनच्या बहिणीकडे, अ‍ॅना तिचं नाव, आणि तिला भावाचं पत्र वाचून दाखवलं.

तुला वाटेल मावशी परदेशातलं काय सांगत बसलीय. तर आता घरातलं सांगते.

दौंड तालुक्यातलं केडगाव, आपल्या नगरजवळचं नव्हे, पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं ते. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशन उभं केलं ते कशातून, तर १८९६ च्या दुष्काळातून. मध्य प्रांतात माणसं भुकेने मरत होती, पोरीबाळी, विधवा रस्त्यावर आल्या होत्या, आणि बाई स्वतः जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुढे १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्याही आल्या, संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुलींना खाऊ घालायचं, शिकवायचं, विणकाम, शेती, छापखाना, सगळं तिथे होतं. १९०५ च्या जानेवारीत बाईंनी प्रार्थनेचा एक गट सुरू केला, सत्तरेक जणी होत्या, ब्रिटनमधल्या वेल्समध्ये मोठं संजीवन चाललंय याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. जूनपर्यंत रोज दोनदा जमणाऱ्या साडेपाचशे झाल्या. सहा महिने, बाळा. सभा लावली आणि तिसऱ्या रात्री झालं असं नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी फारसं कुणी सांगत नाही. जूनमध्ये मुलींना विचारलं गेलं की आजूबाजूच्या खेड्यांत जाऊन सुवार्ता सांगायला कोण तयार आहे, तीस जणींनी नावं दिली, आणि या तीस जणी रोज प्रार्थनेला बसायला लागल्या की आम्हाला यासाठी सामर्थ्य दे. त्यानंतर, २९ जूनच्या पहाटे, एका खोलीत गडबड झाली, एक मुलगी आगीने वेढल्यासारखी दिसली, आणि तिच्या खोलीतली दुसरी मुलगी खरंच आग लागली असं समजून धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. अंगावर ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही जळत नाहीये. मिस मिनी अब्राम्स म्हणून अमेरिकन मिशनरी तिथे होत्या, त्यांनी हे लिहून ठेवलंय. मी ती बादली कधी विसरत नाही. एवढ्या मोठ्या घटनेत त्या पोरीला पहिलं काय सुचलं तर मैत्रिणीला वाचवायला पाणी.

म्हणजे केडगावात आधी "जाते" म्हणून नाव दिलं, मग मागितलं, मग मिळालं. हर्नहुटला आधी मिळालं आणि पाच वर्षांनी निघाले. दोन्ही खरंच झालं. म्हणून तुझी मैत्रीण म्हणते तसा एकच नियम नाही, आणि पाळकसाहेब म्हणतात म्हणून थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणंही नाही.

मग मुक्तीतल्या मुलींनी काय केलं? पहिलं, पापं कबूल केली. मोठमोठ्याने रडल्या, एकमेकींशी केलेल्या चोऱ्या, खोटं, द्वेष सगळं बाहेर आलं. स्वयंपाकघरात, शाळेत, कामावर, जिथे आहे तिथे. बाहेरच्या काही मिशनरी लोकांना हा आरडाओरडा पटला नाही, एकाच वेळी सगळ्या मोठ्याने प्रार्थना करतात हे काय, असं म्हणाले, आणि रमाबाई त्यांना बधल्या नाहीत, त्यांचं म्हणणं होतं की संजीवन भारतातल्या माणसांवर येणार असेल तर ते त्यांच्या स्वभावाला धरून येऊ दे, इंग्रजी शिस्तीत बसवू नका. आणि दुसरं, सातशेच्या आसपास मुलींनी प्रार्थनेच्या आणि सुवार्तेच्या टोळ्यांसाठी नावं दिली, त्यातल्या साठेक जणी रोज पाळीने गावोगाव जायच्या. बाकीच्या मागे राहून शाळा, शेती, रांधणं बघायच्या. उद्या त्यांची पाळी. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी होत्या या, ज्यांना कालपर्यंत गावकुसाबाहेर कुणी विचारत नव्हतं, त्या आता टोळीने गावात जाऊन सांगत होत्या की आम्हाला देवाने कसं जगवलं. मराठीत, आपल्या बोलीत. मला त्यांचे चेहरे बघायला मिळाले असते तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

त्याचं पुढे काय झालं बघ. मिस अब्राम्सनी त्या दिवसांबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं आणि आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवलं, ती आपल्या नवऱ्याबरोबर, विलिस हूव्हर त्यांचं नाव, चिलीत वालपरायसो शहरात मिशनरी होती. त्यांनी वाचलं, त्यांची मंडळी प्रार्थनेला बसली, आणि १९०९ साली तिथे संजीवन झालं, त्यातून दक्षिण अमेरिकेतली एक फार मोठी मंडळी उभी राहिली. केडगावच्या पोरींनी समुद्र बघितला नव्हता. त्यांचं रडणं चिलीला पोचलं.

असं एकदा नाही झालेलं. अमेरिकेतसुद्धा अशाच जागृतीच्या काळात, १८०६ च्या ऑगस्टमध्ये, विल्यम्स कॉलेजची पाच पोरं शेतात प्रार्थनेला जमली होती, वादळ आलं म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला गेली आणि तिथेच त्यांनी ठरवलं की आपण आशियात जायचं. त्यातून पहिले मिशनरी निघाले कधी? १८१२ ला. मधली सहा वर्षं शिकण्यात आणि त्यांना पाठवणारी संस्था उभी करण्यात गेली, कारण अमेरिकेतून बाहेर मिशनरी पाठवणारी अशी संस्थाच तोपर्यंत नव्हती. त्याच कॉलेजातला गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला. निघायच्या आधी तो वैद्यकी शिकून आला होता, हे नर्स म्हणून तू लक्षात ठेव. कंपनी सरकार त्याला परत पाठवायला बघत होतं, पण तो चिकटून राहिला, मराठी शिकला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात राबला, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना, कॉलऱ्याच्या रोग्यांना जवळची औषधं वाटून वाटून, स्वतः कॉलऱ्याने गेला. तेरा वर्षं. त्या मिशनची माणसं पुढे १८३१ ला नगरला आली. तुझं घराणं नगर जिल्ह्यातलं ख्रिस्ती आहे म्हणतेस, म्हणजे त्या गवताच्या गंजीचा एक धागा बहुतेक तुझ्या आजीपणजीपर्यंत आलेला आहे, जरा विचारून बघ घरी.

आता तुझ्यावर येते.

मी स्वतः बावीस वर्षांची असताना अशीच एका सभेत उभी राहिले होते आणि पंधरा दिवसांत एका संस्थेबरोबर निघून गेले. नाव घेत नाही, त्यातली माणसं मनाने वाईट नव्हती. पण मला तिथली भाषा येत नव्हती, शिकवायची सोय नव्हती, कुणाच्या हाताखाली काम करायचं ते ठरलेलं नव्हतं, इकडे माझ्या मंडळीत कुणाला धड माहीतही नव्हतं की मी कुठे आहे. आठ महिन्यांत मलेरियाने लोळागोळा होऊन घरी आले. पुढची कितीतरी वर्षं मला वाटायचं की मी देवाला फसवलं, उपासनेत मागच्या बाकावर बसायचे. हे ओझं तुझ्या डोक्यावर येऊ नये म्हणून एवढं लिहितेय. मला बोलावणं नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. मला पाठवणारं कुणी नव्हतं. बायबलमध्ये बघ, अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौलाला (म्हणजे पौलाला) उपास करून, प्रार्थना करून, हात ठेवून पाठवलं, ते दोघं रात्रीत बॅग भरून नव्हते गेले.

त्यामुळे रिझाइन आज करू नकोस. पण वाट बघ म्हणजे काय करायचं ते नीट सांगते, कारण "थांब" एवढंच सांगून सोडलं की माणूस वर्षभरात गार होतो, तुझी भीती त्या बाबतीत खरी आहे.

एक म्हणजे पाळकसाहेबांकडे परत जा आणि त्यांना विचार की थांबायचं तर कशासाठी आणि कधीपर्यंत. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्यांना सांग की मला मंडळीने पाठवायला हवंय, त्यासाठी माझ्यात काय कमी दिसतंय ते बोला, मी शिकेन. कमिटीसमोर जायला लागलं तर जा. तुझ्या मंडळीतली पाच माणसं जरी रोज नाव घेऊन तुझ्यासाठी प्रार्थना करायला तयार झाली तरी ती तुझ्यामागे लागलेली साखळी समज.

लोनचं तर मी पप्पांच्या बाजूने आहे, त्यांच्या नावावर कर्ज टाकून तू सुवार्ता सांगायला गेलीस तर गावातला पहिला शहाणा माणूस तुला तेच विचारेल. किती वर्षं राहिलीत ते तू लिहिलं नाहीस, पण नर्सच्या पगारात जोर लावला तर दोन-अडीच वर्षांत बरंच खाली येतं. तेवढ्या वेळात हिंदी चांगली करून घे, आपली बंबइया हिंदी तिकडच्या खेड्यात चालत नाही, आणि तिथली जी बोली असेल तिची ओळख करून देणारं कुणीतरी शोध. तुमच्याच हॉस्पिटलात बिहार-झारखंडकडच्या किती मुली असतील, त्यांच्याशी बोल, त्यांच्या गावात बाळंतपण कुठे होतं, दवाखाना किती लांब, आजारी पडलं की आधी कुणाकडे जातात ते विचार. सुट्टी टाकून आठ-पंधरा दिवस एखाद्या मिशन हॉस्पिटलात जाऊन राहून ये, काम करून ये. आणि जाशील तेव्हा नीट रजिस्टर्ड, हिशोब दाखवणाऱ्या संस्थेबरोबर जा, बऱ्याच राज्यांत धर्मांतराबाबत कायदे आहेत, ते काय आहेत हे आधी माहीत करून घे. औषधाच्या बदल्यात कुणाला कधीही काही कबूल करायला लावायचं नाही, हे मी तुला आईच्या जागी बसून सांगते. जो विश्वास ठेवणार नाही त्याचीही जखम तितक्याच हळुवार हाताने धुवायची.

आईबद्दल. तिने बोलणं टाकलंय म्हणजे ती देवाच्या आड आलीय असं समजू नकोस, ती घाबरलीय. तिला कुणी विचारलंच नाही, तू सभेतून आलीस आणि जाहीर केलंस. तिला मिझोरामच्या बायकांची गोष्ट सांग. १९०६ साली तिथली दहाएक माणसं आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत चाललेलं संजीवन बघायला डोंगर तुडवत चालत गेली, परत आली आणि ऐझॉलला तेच सुरू झालं. त्या मंडळीकडे पैसे नव्हते. मग १९१० पासून तिथल्या बायकांनी एक रीत पाडली, दोन वेळच्या स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातला मूठभर बाजूला ठेवायचा, आठवड्याने तो गोळा करायचा, विकायचा, आणि तो पैसा देवाच्या कामाला. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. आज त्या मुठीचा हिशोब वर्षाला कोटींत जातो आणि मिझो मंडळी देशभर मिशनरी पाठवते. ज्या बायका कधी गावाबाहेर गेल्या नाहीत त्यांनी चुलीपाशी बसून पाठवलेत ते. तुझ्या आईला जायचं नाहीये, मुलीला पाठवायचंय, आणि ते जाण्यापेक्षा अवघड आहे. तिला वेळ दे. रविवारी घरी जा, तिच्या हातचं खा, भांडी घास, आणि "तुला कशाची भीती वाटते" एवढं विचारून गप्प बस. ती बोलेल. पहिल्यांदा नाही बोलली तर दुसऱ्यांदा.

प्रार्थनेत झोप येते म्हणतेस, तर बाळा, तू नाइट करतेस, माणसाचं शरीर आहे, झोप. हर्नहुटच्या लोकांनी तास वाटून घेतले ते उगाच नाही, एकटं माणूस चोवीस तास जागू शकत नाही हे त्यांना माहीत होतं. तुझ्या हॉस्टेलवर आणखी दोघी-तिघी विश्वासणाऱ्या असतील, त्यांच्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास ठरव. आणि तेव्हासारखं रडू आलं नाही तर नको येऊ दे, त्या रात्री जे ठरवलंस ते बिनारडता रोज चालू ठेवणं हेही आत्म्याचंच काम आहे, मला तर वाटतं जास्त करून तेच आहे.

आता ते शेवटचं, ज्याच्यासाठी मी तीनदा पत्र वाचलं. ती सिस्टर.

तू लिहितेस तिच्यापासून लांब गेले की बरं होईल. नाही होणार गं. ज्या गावात जाशील तिथेही एक इन्चार्ज असेल, एक सहकारी असेल जी तुझ्या पाळीला नेमकी उशिरा येईल, आणि तिथे पळून यायला दुसरं गाव नसेल. मिशनरी लोक ज्या कारणांनी परत येतात त्यात ताप आणि पैसा आहेच, पण आपल्याच लोकांशी न पटणं हे फार मोठं कारण आहे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी वर जेवढ्या जागा सांगितल्या तिथे काय झालं होतं बघ, हर्नहुटला आधी समेट झाला, मग बाकी सगळं. केडगावला मुली आधी एकमेकींसमोर रडल्या, मग गावात गेल्या. तुझ्या सभेत तू देवासमोर रडलीस, चांगलं झालं, पण सोमवारी ड्युटीवर आलीस तेव्हा हँडओव्हर घेताना तिच्याकडे न बघताच फाइल घेतलीस ना? मला माहीत नाही, पण वर्षभर बोलणं बंद आहे म्हणजे घेतली असशील. चूक कुणाची होती ते मी विचारत नाही. बहुतेक दोघींची असेल, किंवा तिचीच असेल, तरी पहिलं पाऊल तुझं.

तर हे मला करून हवंय, या महिन्यात, आणि झालं की मला लिही. तिची ड्युटी कधी आहे ते बघून ठेव. नाइट सुटल्यावर नको गाठूस, तेव्हा माणूस थकलेलं असतं आणि घरी पोरं वाट बघत असतात. दुपारच्या शिफ्टला ती येते तेव्हा दहा मिनिटं आधी जा, कॅन्टीनमधून दोन चहा घेऊन जा. भाषण करू नकोस, सभेबद्दल काही सांगू नकोस, "माझं चुकलं, मला तुझ्याशी बोलायचंय" एवढं म्हण आणि चहा तिच्या हातात दे.

तुझी,
मावशी